एमएसमध्ये पाय आखडतो, झटके देतो : गोळी वाढवण्याआधी काय बघायचं?

अबोली
११ जुलै, रात्री १०:४०

मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचा आजार) होऊन अकरा वर्षं झाली. पुण्यात असते, शाळेत गणित शिकवते, आता आठवड्यातून तीनच दिवस जाते. पाय आखडणं मला नवीन नाही. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं टाकताना पाय जड आणि ताठ असतात. रिक्षात चढताना उजवी टाच आपोआप टकटक उडायला लागते. हे सगळं अंगवळणी पडलंय. पण जूनमध्ये जे झालं ते सांगायलाच हवं, म्हणून हा धागा काढतेय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री दोन-अडीचच्या सुमारास उजवा पाय कंबरेपासून एकदम सरळ ताठ व्हायला लागला. टाच गादीत रुतायची, अंगठा वर उभा राहायचा, पांघरूण पायाबरोबर ओढलं जायचं. मांडीला हात लावला तर लाकूड. वीस-तीस सेकंदांनी सुटायचा, सुटताना सगळा पाय थरथरायचा आणि पाच-दहा मिनिटांत पुन्हा तेच. एका रात्री अकरा वेळा मोजले. नवरा उठून गुडघ्याखाली हात घालून पाय हळूहळू दुमडायचा, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. दोघांचीही झोप गेली.

फोनवर डॉक्टरांना सांगितलं, "स्पॅझम वाढलेत." ताठरपणा कमी करणारी बॅक्लोफेन ही गोळी दिवसाला तीस मिलिग्रॅम होती, ती दोन टप्प्यांत पन्नासवर नेली. झटके थोडे कमी झाले, पण पाय लोळागोळा झाला. चौथ्या दिवशी बाथरूमच्या उंबऱ्याला पाय अडला आणि मी पडले. डावं मनगट मोडलं.

प्लास्टर घालायला गेले तिथे ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी मनगटाआधी विचारलं, "लघवीला कसं होतंय?" मी म्हटलं, ठीक. जळजळ नाही, उन्हाळी लागल्यासारखं काही नाही, ताप नाही. वास जरा उग्र आहे आणि रंग गढूळ आहे, पण पाणी कमी प्यायले असेन. त्यांनी लघवी तपासली. पू पेशी भरपूर निघाल्या, दोन दिवसांनी कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू आले. अँटिबायोटिक सुरू झालं आणि तिसऱ्या रात्री मी सलग झोपले. बॅक्लोफेन पुढच्या दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने परत तीसवर आणली.

फोनवरच्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांना मी लघवीबद्दल काही सांगितलंच नव्हतं, कारण पायाच्या झटक्याचा लघवीशी संबंध असेल हे अकरा वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. याचंच मला जास्त वाईट वाटतं.

मला जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते. स्नायू ताणला गेला की तो लगेच आवळून घेतो. ही खोड मज्जारज्जूतच असते, त्यासाठी मेंदूला विचारावं लागत नाही. मेंदूचं काम वरून आवरून धरण्याचं. बैलाचा कासरा हातात असला की खुट्ट झालं तरी तो जागचा हलत नाही, कासरा सुटला की पाचोळा वाजला तरी उधळतो. एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण जिथे जातं तिथे मेंदूचा निरोप अडकतो. "जोर लाव" हा निरोप अडकला की पाय अशक्त, "आता पुरे" हा निरोप अडकला की पाय ताठ. एकाच पायात दोन्ही असतं. म्हणून घरच्यांना कळत नाही की पाय एवढा कडक आहे तर उभं का राहता येत नाही.

आणि खालून मज्जारज्जूला जे काही डिवचतं, म्हणजे तुंबलेलं मूत्राशय, साठलेला मळ, कुठली जखम, ते आपल्याला जाणवो न जाणवो, त्याची वर्दी तिथे पोचतेच. आपली संवेदना बधिर झालेली असते म्हणून जळजळ कळत नाही. पाय मात्र झटके देतो. माझ्या लघवीतला जंतू मला माझ्या पायाने दाखवला.

दुसरी गोष्ट मी पडल्यावरच शिकले. जो ताठरपणा मला नकोसा होता त्याच्याच आधाराने मी उभी राहत होते. मांडीत ताकद कमी आहे, ती उणीव ताठरपणा भरून काढत होता. गोळीने तो काढून घेतल्यावर खाली काही उरलंच नाही. म्हणून आता डॉक्टरांशी बोलताना मी "ताठरपणा घालवा" असं म्हणत नाही. मला काय करता येत नाहीये ते सांगते : झोप लागत नाही, जिना चढता येत नाही, साडी नेसता येत नाही. मग ठरवणं सोपं जातं.

तुमचे झटके कशाने वाढतात ते लिहाल का? वीस जणांनी लिहिलं तर एकविसाव्याचं मनगट वाचेल.

---

गोदाकाठ
११ जुलै, रात्री ११:२५

अबोलीताई, मनगट कसं आहे आता?

माझ्या पत्नीला एमएस आहे, नाशिकला असतो. आमच्याकडे लघवी नव्हती, नख होतं. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख कडेने मांसात शिरलं होतं. तिला त्या पायाला जवळजवळ काहीच जाणवत नाही, त्यामुळे दुखलं नाही. फक्त डावा पाय गुडघ्यात दुमडून पोटाकडे ओढला जायचा, दिवसातून पंधरा-वीस वेळा. व्हीलचेअरवर बसली की पाय फूटरेस्टवरून उचलला जायचा आणि ती पुढे सरकायची. महिनाभर आम्ही एमआरआय पुन्हा करायचा की काय यावर बोलत होतो. पावसाळ्याचे दिवस, ती सतत मोजे घालायची. एक दिवस मोजा काढून पाय पुसताना कापसाला पिवळा डाग लागला, तेव्हा दिसलं. सर्जननी नखाची कड काढली, ड्रेसिंग झालं आणि आठवड्यात पाय शांत.

तेव्हापासून रोज आंघोळीनंतर मी तिचे पाय बघतो : बोटांच्या बेचक्या, टाचा, घोटे. आरसा घेऊन माकडहाडाची जागासुद्धा, कारण बसून बसून तिथे लाली येते आणि जखम व्हायला वेळ लागत नाही. सलवारची नाडी, मोज्याचं इलॅस्टिक, बुटाच्या आत आलेली शिवण, खिशात राहिलेलं नाणं ज्याच्यावर ती दोन तास बसली होती, या सगळ्यांनी झटके आलेत. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. आधी अंग तपासा.

---

सह्यकडा
१२ जुलै, सकाळी ७:१०

रात्री वाचलं आणि झोपच लागली नाही. माझी आई ५६ वर्षांची, एमएस दहा वर्षं, दोन वर्षांपासून व्हीलचेअर. आम्ही साताऱ्याजवळ गावात राहतो. पंधरा दिवसांपासून तिच्या मांड्या एकमेकींवर इतक्या घट्ट आवळतात की स्वच्छ करता येत नाही, कपडे बदलता येत नाहीत. पलंगावरून खुर्चीत घेताना दोन्ही पाय सळईसारखे सरळ होतात आणि ती माझ्या हातातून घसरते. परवा दोघंही पडता पडता वाचलो.

बॅक्लोफेन १० मिलिग्रॅम तीन वेळा चालू आहे. न्यूरोलॉजिस्टची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. तोवर मी २० तीन वेळा करू का? गावातले सगळे म्हणतात वात आहे, गरम तेलाने जोरात रगडा. रगडलं की अजून आवळतं. काय करू सांगा.

---

हालचाल
१२ जुलै, सकाळी ९:०५

सह्यकडा, मी फिजिओथेरपिस्ट आहे, मज्जारज्जूच्या रुग्णांबरोबरच काम करते. गोळी स्वतःहून दुप्पट करू नका. तारखेची वाट न बघता त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आजच फोन करून "पंधरा दिवसांत अचानक वाढलंय" एवढं कळवा. अचानक वाढणं ही त्यांच्यासाठीही महत्त्वाची माहिती असते. आणि गावातल्या लॅबमध्ये लघवीची तपासणी आणि कल्चर आजच द्या.

रगडल्याने का आवळतं ते सांगते. या ताठरपणाचं मुख्य लक्षण असं की स्नायू जितक्या वेगाने ताणाल तितका तो उलट जोर करतो. हळू नेलं तर वाट देतो. त्यामुळे घाई, हिसका, जोराची मालीश, तिन्हीने झटका येतो. आपले हात थंडगार असले तरी येतो. आधी हात चोळून गरम करा.

आता पलंगावरून उतरवण्याचं. आई उताणी सरळ असताना उचलायला गेलात तर पाय ताठच होणार. आधी तिला कुशीवर वळवा. गुडघ्याखाली आणि टाचेखाली हात घालून एक एक पाय पोटाकडे हळूहळू दुमडा. तळपायाच्या पुढच्या भागाला, बोटांच्या उंचवट्याला, दाबू नका. तिथे दाब पडला की पाय झटकन सरळ होतो आणि टाच उडायला लागते. दोन्ही गुडघे दुमडलेले राहिले की मग पाय पलंगाखाली सोडून बसवा. बसल्यावर तिला थोडं पुढे वाकू द्या. कंबर दुमडलेली असली की सरळ होण्याचा जोर मोडतो. मध्येच झटका आला तर झटापट करू नका. तिला धरून थांबा, तो सुटू द्या, मग पुढे.

मांड्यांसाठी : आई उताणी झोपलेली, गुडघे दुमडलेले, तळपाय गादीवर. एक गुडघा तुमच्या छातीशी टेकवा, दुसऱ्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला तळहात ठेवा आणि श्वास सोडत सोडत बाहेर न्या. अडकलं की तिथेच थांबा. तीस सेकंद, जमलं तर मिनिटभर. थोडं सैल झाल्यासारखं वाटेल, मग अजून बोटभर. दिवसातून दोनदा, त्यातलं एकदा स्वच्छ करायच्या आधी. रात्री दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घट्ट उशी.

हे सगळं एकदा तुमच्या भागातल्या फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष करून बघा, लिहिलेल्यावरून हाताला अंदाज येत नाही. आणि एका पायाची पोटरी सुजलेली, गरम किंवा लालसर दिसली तर ताणू नका, चोळू नका, लगेच दवाखान्यात न्या. कमी हालचालीमुळे शिरेत गुठळी होऊ शकते.

---

नवखा
१२ जुलै, दुपारी १:३०

माझ्या आजोबांना रात्री पोटरीत गोळे यायचे. केळं, नारळपाणी, मॅग्नेशियमची गोळी आणि झोपताना गरम पाण्याची पिशवी, एवढ्याने बरे झाले. करून बघायला काय हरकत आहे?

---

अबोली
१२ जुलै, दुपारी २:१५

नवखा, तुमची कळकळ समजते. पण पोटरीत गोळा येणं आणि एमएसचा झटका, दोन्हींत "पाय वळला" असंच म्हणत असलो तरी मूळ वेगळं आहे. आजोबांचा गोळा स्नायूत होता, क्षार आणि पाणी भरून निघाल्यावर गेला. आमचा बिघाड वर, मेंदू आणि मज्जारज्जूत आहे. केळं खाण्याने नुकसान नाही, पण त्यानेच बरं होईल म्हणून दोन आठवडे थांबलो तर खरं कारण हातचं जातं.

गरम पिशवी मात्र कृपा करून नको. आम्हाला चटका कळत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या पोटरीला असाच मोठा फोड आला होता आणि त्या जखमेने झटके आणखी वाढले. शिवाय एमएसमध्ये शरीराचं तापमान थोडंसं वाढलं तरी आधीच दुखावलेल्या मज्जातंतूंतून निरोप जायला अडचण येते. एप्रिल-मेमध्ये दुपारी मला डोळ्यांपुढे धूसर दिसतं, संध्याकाळी गार झालं की परत स्वच्छ. काहींना थंडीनेही पाय आवळतात. डिसेंबरात मी पहाटे पायावर दोन पांघरुणं घेते. आपापलं शोधावं लागतं.

सह्यकडा, एक वही करा. तारीख, रात्रीचे झटके काट्या मारून, लघवी किती वेळा, शौचाला कधी झालं, ताप, गोळीच्या वेळा. मी ती डॉक्टरांसमोर ठेवते. "खूप येतात" म्हणण्यापेक्षा "सोमवारी चार, गुरुवारी अकरा" हे लगेच समजतं.

---

औषधपेटी
१२ जुलै, रात्री ९:५०

मी औषधनिर्माता आहे, वीस वर्षं काउंटरवर. अबोलीताईंच्या अनुभवाला जोडूनच एक धोका सांगायचा आहे आणि तो प्रत्येकाने लिहून फ्रिजवर चिकटवावा असं मला वाटतं.

झटक्यांसाठी बॅक्लोफेनसारखीच दुसरी गोळी देतात, टिझॅनिडीन. आणि लघवीच्या जंतुसंसर्गाला आपल्याकडे लोक सर्रास सिप्रोफ्लॉक्सासिन आणून खातात, पुष्कळदा जुन्या चिठ्ठीवर. या दोन गोळ्या एकत्र घ्यायच्या नसतात. यकृतातल्या ज्या एन्झाइमने टिझॅनिडीन मोडतं तेच सिप्रो अडवून धरतं. टिझॅनिडीनचं रक्तातलं प्रमाण सुमारे दहा पटीने वाढू शकतं. रक्तदाब कोसळतो, माणूस गुंगीत जातो. फ्लुवॉक्सामिन या नैराश्यावरच्या गोळीबरोबरही हेच होतं. झटके वाढले म्हणून कोणी टिझॅनिडीन सुरू करतं, झटक्यांचं कारण लघवी निघतं म्हणून दुसरं कोणी सिप्रो लिहितं, आणि दोन्ही चिठ्ठ्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. काउंटरवर त्या मी समोरासमोर आलेल्या पाहिल्या आहेत. म्हणून लघवीचं औषध घेताना झटक्यांच्या गोळीचं नाव सांगा, विचारलं नाही तरी सांगा. टिझॅनिडीन चालू असेल तर यकृताची रक्ततपासणीही मधून मधून लागते.

बॅक्लोफेनबद्दल. हे औषध १९६२ साली अपस्मारासाठी म्हणून तयार केलं गेलं. तिथे चाललं नाही, पण ताठरपणावर चाललं. मज्जारज्जूत "आता पुरे" म्हणणारी जी रसायनं आहेत त्यांच्या जागी जाऊन ते बसतं. साधारण ५ मिलिग्रॅम तीन वेळा अशी सुरुवात करून काही दिवसांनी थोडं थोडं वाढवतात. काही तासांतच उतरतं म्हणून दिवसात विभागून घ्यायचं. मूत्रपिंडातून बाहेर जातं, तेव्हा मूत्रपिंड कमकुवत असेल तर थोड्या डोसनेही गुंगी येऊ शकते. बद्धकोष्ठताही वाढवतं, आणि बद्धकोष्ठतेने झटके वाढतात.

सगळ्यात महत्त्वाचं : बॅक्लोफेन अचानक बंद करायचं नाही. बरेच दिवस घेणाऱ्याने एकदम सोडलं तर झटके दुप्पट जोराने येतात, भास होतात, फिट येऊ शकते, ताप चढतो. गावाला लग्नाला गेलो, गोळ्या घरी राहिल्या, असं घडतं. एक आठवड्याच्या गोळ्या वेगळ्या पाकिटात प्रवासाच्या पिशवीत कायम ठेवा. उलटी होत असेल, गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

---

गोदाकाठ
१२ जुलै, रात्री १०:३०

औषधपेटी, हे आजवर आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठ्या तपासल्या. पत्नीला दोन्ही औषधं वेगवेगळ्या वेळी दिलेली आहेत, एकत्र कधी आली नाहीत हे नशीब.

एक बारीक उपयोगाची गोष्ट : सकाळची बॅक्लोफेन आणि पाण्याचा गडू मी रात्रीच तिच्या उशाशी ठेवतो. सहाला गोळी, साडेसहाला उठवणं. अर्ध्या तासाने पाय सैल असतात, नाहीतर तेच उठणं आठ वाजेपर्यंत चालायचं. डॉक्टरांना विचारूनच वेळ पुढे घेतली.

---

पंचगंगा
१३ जुलै, दुपारी १२:२०

माझ्या भावाचं वेगळंच आहे. वय ३१, कोल्हापूर. मागच्या वर्षी एमएस सांगितलं. महिनाभरापासून उजवा हात कोपरात आणि मनगटात पिळवटल्यासारखा होतो, बोटं आत वळतात, प्रचंड दुखतं. अर्ध्या मिनिटात जातो. दिवसात वीस-पंचवीस वेळा. जेवताना घास उचलला की हमखास. आई घाबरून "आकडी आली" म्हणते, कांदा हुंगवते. तो पूर्ण शुद्धीवर असतो, बोलतो. एका डॉक्टरांनी फिटची गोळी लिहिली, ती घ्यायला तो तयार नाही. म्हणतो मला फिट येत नाही.

---

अबोली
१३ जुलै, संध्याकाळी ६:४५

पंचगंगा, मला तिसऱ्या वर्षी असंच झालं होतं, तेव्हा पायात होतं. वर आपण बोलतोय त्यापेक्षा हे निराळं आहे. ठरावीक साच्यात येणारे, सेकंदांत संपणारे, हालचालीने किंवा जोराच्या श्वासाने सुटणारे आणि शुद्ध न हरपणारे असे हे टॉनिक स्पॅझम. आवरण गेलेल्या मज्जातंतूंत शेजारच्या तारेत ठिणगी उडावी तसं काहीसं होतं. यांच्यावर बॅक्लोफेनचा फारसा उपयोग होत नाही. फिटसाठी वापरतात ती कार्बामाझेपिन थोड्या डोसमध्ये बहुतेकदा गुण देते. मला दुसऱ्याच दिवशी फरक पडला. भावाला सांगा, गोळी फिटची असली तरी त्याला फिट आहे असा त्याचा अर्थ नाही. चिठ्ठीत कार्बामाझेपिनच आहे का ते बघा.

फक्त सुरू करण्याआधी डॉक्टरांशी दोन गोष्टी बोला. एक, या गोळीने काहींना गंभीर पुरळ येतं आणि आशियाई लोकांत त्याची शक्यता वाढवणारं एक जनुक असतं, त्याची रक्ततपासणी करता येते. पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर त्याच क्षणी डॉक्टरांना फोन. दुसरं, असे वेदनेचे झटके एमएसपेक्षा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या जवळच्या आजारात जास्त दिसतात. २००४ मध्ये त्याची ओळख पटवणारं प्रतिपिंड सापडलं, तेव्हापासून साध्या रक्ततपासणीने बहुतेकांचं निदान होतं. भावाची ती तपासणी झालीय का ते विचाराच. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, एमएसची काही औषधं त्या आजारात उलट अपाय करतात.

---

दूरदेशी
१४ जुलै, पहाटे ३:५०

मी बर्मिंगहॅमला असतो, मूळचा रत्नागिरीचा. एमएस सतरा वर्षं. गोळ्यांची हद्द झाली की पुढे काय, ते लिहितो.

मला बॅक्लोफेनने पाय सैल व्हायच्या आधी डोकंच बधिर व्हायचं. गोळी सगळ्या शरीरात फिरते, मेंदूतही जाते. आधी मांडीच्या आतल्या स्नायूंत बोट्युलिनमची, म्हणजे स्नायू सैल करणारी, इंजेक्शनं झाली. ठरावीक स्नायूंपुरती ती चांगली आहेत, परिणाम तीनेक महिने टिकतो, पण तेवढ्या काळात ताणाचे व्यायाम केले तरच फायदा. सह्यकडा, तुमच्या आईच्या मांड्यांबद्दल हे विचारून ठेवा.

चार वर्षांपूर्वी पंप बसवला. तळहातात मावेल अशी चपटी डबी पोटाच्या कातडीखाली, तिथून बारीक नळी पाठीच्या कण्यात, आणि बॅक्लोफेन थेंबाथेंबाने थेट मज्जारज्जूभोवती. गोळीत जे मिलिग्रॅममध्ये लागतं ते इथे मायक्रोग्रॅममध्ये पुरतं. म्हणून डोकं जागं राहतं. अमेरिकेत १९९२ पासून याला मान्यता आहे, भारतातही मोठ्या शहरांत बसवतात. आधी पाठीतून एकदा औषध टोचून काही तास बघतात. माझी ती चाचणी झाली त्या दुपारी माझे गुडघे कित्येक वर्षांनी मुकाट एकमेकांपासून लांब पडले होते. मी त्यांच्याकडे बघत बसलो.

पण पंप म्हणजे बांधिलकी. दर काही महिन्यांनी सुईने औषध भरावं लागतं, काही वर्षांनी बॅटरी संपते म्हणून पंपच बदलावा लागतो, आणि औषध भरणं चुकलं तर वर औषधपेटींनी लिहिलेला अचानक बंद होण्याचा प्रकार फार वाईट रूपात होतो. हॉस्पिटल लांब असेल तर दहादा विचार करा.

---

हालचाल
१४ जुलै, सकाळी १०:१५

दूरदेशी, पंपानंतर चालण्यावर काय परिणाम झाला तेही लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला अर्धंच कळेल.

---

दूरदेशी
१४ जुलै, संध्याकाळी ७:३०

बरोबर. आधी मी वॉकर धरून ताठ पायांनी दहा-बारा पावलं टाकायचो. ती गेली. डोस कमी करून बघितला, पण पुरेशी परत आली नाहीत. मी झोप, बसणं आणि दुखणं थांबणं निवडलं. बायकोशी बोलून, सहा महिने विचार करून. आजही तेच निवडेन, पण ज्याला ती दहा पावलं बाथरूमपर्यंत नेतात त्याने आधी डॉक्टरांना याबद्दल नीट विचारावं.

---

सह्यकडा
१९ जुलै, रात्री ९:२०

सगळ्यांचे खूप आभार. लघवी स्वच्छ निघाली, कल्चरही. पाय, पाठ, नखं, सगळं बघितलं, काही नाही. मग वहीत शौचाचा रकाना भरायला घेतला आणि आईला विचारलं. ती गप्प. बहिणीला फोन लावून दिला तेव्हा तिला सांगितलं, सात दिवस झालं नाही. मला सांगायला लाजत होती. शिवाय लघवीला सारखं उचलून न्यावं लागतं म्हणून पाणीही मुद्दाम कमी पीत होती.

डॉक्टरांना फोनवर सांगितलं. त्यांनी गोळी वाढवली नाही. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी एनिमा दिला, रोजचं औषध लिहून दिलंय, पाण्याच्या वेळा ठरवल्यात. बहीण आठवडाभर राहायला आलीय, आईला तिच्याशी बोलता येतं. मांड्या अजून आवळतात, पण आता मधे हात जातो. हालचालताईंनी सांगितलं तसं श्वास सोडत सोडत बाहेर नेतो. पहिल्या दिवशी माझ्या हातालाच घाई होती, आता कळतं कुठे थांबायचं. बोट्युलिनमचं विचारायचं वहीत लिहून ठेवलंय, ३१ तारखेला भेट आहे.

---

पंचगंगा
२० जुलै, सकाळी ८:००

कार्बामाझेपिनच होती. पुरळाच्या जनुकाची तपासणी करून सुरू केली, आज चौथा दिवस, काल दोनच वेळा हात वळला. दुसऱ्या आजाराच्या प्रतिपिंडाची तपासणी झालेली नव्हती. रक्त दिलंय.

---

अबोली
२० जुलै, रात्री ८:४०

पंचगंगा, रिपोर्ट आला की इथे नक्की कळवा. सह्यकडा, रात्रीचे किती येतात आता?

---

सह्यकडा
२० जुलै, रात्री ९:०५

काल तीन. त्याआधी चार, पाच. आईला वही दाखवली तर म्हणाली, तू झोपेत मोजतोस, दोन सुटलेत तुझे. पेन तिने स्वतःच्या उशाखाली ठेवलाय, आजपासून काट्या तीच मारणार आहे.